फक्त काळ्या शाईने ब्लॅक अँड व्हाइट फोटो छापताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या किंवा स्टुडिओतल्या इंकजेट प्रिंटरवर कृष्णधवल फोटो मनासारखा येत नाही, ही तक्रार करणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो पुन्हा छापायचा असो की स्वतःचं प्रदर्शन लावायचं असो, अडचणी बहुतेक त्याच असतात.

प्रिंटरमध्ये काळी शाई असतानाही ब्लॅक अँड व्हाइट फोटोला गुलाबी किंवा हिरवट झाक का येते?

कारण तुमचा प्रिंटर तो फोटो काळ्या शाईने छापतच नाही. फोटो पेपर निवडला की बहुतेक ड्रायव्हर (कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणारे प्रोग्राम) निळी, गुलाबी आणि पिवळी शाई मिसळून करडा रंग तयार करतात. काळी शाई फक्त गडद भागांत थोडीफार येते. ज्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची (पाण्यात तरंगणाऱ्या कणांची) आणि बाकीच्या शाया डायच्या (पाण्यात विरघळलेल्या रंगाच्या) असतात, अशा काही मॉडेलांत ग्लॉसी पेपर निवडल्यावर ती पिगमेंट काळी अजिबात वापरली जात नाही.

असा करडा रंग उधारीचा असतो. तिन्ही शायांचं प्रमाण काट्यावर जुळलं तरच तो करडा दिसतो. प्रिंटरच्या हेडमधलं एक नोझल, म्हणजे शाई सोडणारं बारीक छिद्र, बंद पडलं, कागद बदलला, एक शाई दुसरीपेक्षा लवकर उडाली, की तोल गेला. शिवाय हा तोल एका ठरावीक प्रकाशात साधलेला असतो. खिडकीजवळ हिरवट दिसणारी प्रिंट पिवळ्या बल्बखाली गुलाबी दिसते, त्याचं कारण हेच.

म्हणजे ड्रायव्हरमध्ये ‘ग्रेस्केल’वर टिक केली की काम झालं?

सहसा नाही. ‘ग्रेस्केल’ म्हणजे चित्रातला रंग काढून टाका, एवढंच. कोणती शाई वापरायची हे कागदाच्या प्रकारावरून ठरतं. अनेक साध्या प्रिंटरांवर ‘प्लेन पेपर’ आणि ‘ग्रेस्केल’ ही जोडी निवडली की खरोखर फक्त काळी शाई पडते. आत चांगला मॅट कागद घालून हीच जोडी वापरून पाहा. पैसे न खर्चता करता येण्यासारखा हा पहिला प्रयोग आहे आणि मी सगळ्यांना तोच आधी करायला सांगतो.

खरंच फक्त काळी पडली का, हे भिंगाने तपासा. फिकट करड्या भागात भिंग धरलं की एकतर काळे ठिपके दिसतील, नाहीतर निळे-गुलाबी-पिवळे. ड्रायव्हर काय म्हणतो यापेक्षा भिंगावर विश्वास ठेवा.

एकाच काळ्या शाईतून इतक्या छटा कशा निघतात?

ठिपक्यांच्या दाटीतून. प्रिंटरला शाई फिकट करता येत नाही. तो ठिपके जवळजवळ किंवा दूरदूर टाकतो आणि डोळा त्यांची सरासरी करतो. गडद भागात ठिपके एकमेकांवर चढतात, तिथे सगळं गुळगुळीत दिसतं. खरी कसोटी फिकट भागात असते : आकाश, गोरा गाल, पांढरं धोतर. तिथे कोऱ्या कागदावर काळे ठिपके विरळ पडतात आणि दाणा दिसतो.

हा दाणा थेंबाच्या आकारावर अवलंबून असतो. एप्सनच्या एल ८०५ किंवा एल १८०० सारख्या सहा टाक्यांच्या प्रिंटरचा सगळ्यात लहान थेंब १.५ पिकोलिटरचा (पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग), गोलाकार धरला तर त्याचा व्यास साधारण १४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे १४ हजारांश, होतो. ४ पिकोलिटरचा थेंब २० मायक्रॉनच्या आसपास जातो, आणि कागदावर पडून पसरल्यावर दोन्ही आणखी मोठे होतात. एवढासा फरक हातात धरलेल्या पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटमध्ये डोळ्याला जाणवतो.

दाण्याला मात्र उगीच नावं ठेवली जातात. ४०० आयएसओच्या फिल्मवरून केलेल्या मोठ्या प्रिंटमध्येही दाणा असायचाच. रस्त्यावरची, बाजारातली, वारीची छायाचित्रं एका काळ्या शाईच्या दाण्यात फार जिवंत दिसतात. धुकं, बाळाचा चेहरा, संथ पाणी अशा विषयांना मात्र तो खटकतो.

दाणा नको असेल तर?

मग एकापेक्षा जास्त काळ्या शाया लागतात : गडद काळी, करडी, फिकट करडी. फिकट भागात प्रिंटर फिकट करड्या शाईचे पुष्कळ ठिपके टाकतो. ठिपका कागदाच्या रंगाशी जवळचा असल्यामुळे तो वेगळा ओळखू येत नाही.

याचे तीन मार्ग आहेत. पहिला, ज्यात कंपनीनेच करड्या शाया दिल्या आहेत असा प्रिंटर घेणं. एचपीने २००३ मध्ये फोटोस्मार्ट ७९६० बरोबर वेगळं करडं काट्रिज दिलं होतं. एप्सनने २००५ मध्ये आर २४०० आणि त्याच्या मोठ्या भावंडांत तीन काळ्या आणल्या, आणि ड्रायव्हरमध्ये ‘ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ हा वेगळा पर्याय दिला. कॅननच्या प्रो-१ मध्ये तर बारापैकी पाच शाया काळ्या-करड्या होत्या. या सगळ्यांत एप्सनचा तो पर्याय मला सर्वसाधारण वापरासाठी सर्वांत सोयीचा वाटतो. तो टोन जुळवण्यापुरती थोडीशी रंगीत शाई वापरतो, पण भार काळ्यांवरच असतो.

दुसरा मार्ग, एखाद्या प्रिंटरमधल्या सगळ्या रंगीत शाया काढून तिथे वेगवेगळ्या पातळपणाच्या काळ्या भरणं. अमेरिकेत व्हरमाँटमधले जॉन कोन यांची ‘पिझोग्राफी’ २००० सालापासून हेच करते. त्यांच्या एका संचात काळ्याच्या सात छटा आहेत.

तिसरा मार्ग, स्वतः शाई पातळ करणं. पॉल रोआर्क या छायाचित्रकाराने कार्बन शाई पातळ करण्याची कृती आणि तिच्यासाठीच्या सेटिंग्ज वर्षानुवर्षं सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या. कमी खर्चात हे काम करणाऱ्या जगभरच्या लोकांवर त्यांचे मोठे उपकार आहेत.

कार्बनची शाई म्हणजे नेमकं काय? इतर काळ्यांपेक्षा ती वेगळी कशी?

काजळीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले की कार्बनची पिगमेंट शाई होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रं आजही वाचता येतात, कारण आपल्याकडची पारंपरिक लिहिण्याची शाई काजळाचीच असे. कार्बनवर उन्हाचा, हवेचा परिणाम जवळजवळ होत नाही. कागद आधी खराब होतो.

डायची काळी निराळी. ती पाण्यात विरघळलेल्या रंगद्रव्यांचं मिश्रण असते, आणि त्यातलं प्रत्येक द्रव्य आपापल्या वेगाने उडतं. आज काळी दिसणारी प्रिंट काही वर्षांनी तपकिरी, हिरवी किंवा जांभळट होते ती यामुळे. स्वस्त टाकीच्या प्रिंटरांत काळी शाई बऱ्याचदा डायचीच असते. घेण्याआधी बाटलीवर ‘पिगमेंट’ लिहिलंय का, ते पाहा.

बाजारातली सुटी बाटली खरंच पिगमेंटची आहे का, हे घरी कसं ओळखायचं?

टिपकागदावर किंवा कॉफीच्या फिल्टर पेपरवर शाईचा थेंब टाका, आणि शेजारी हळूहळू पाणी सोडा. पाणी पसरताना काळ्यातून निळी, गुलाबी, पिवळी वलयं सुटली तर ती डायची शाई. कार्बनच्या शाईतून रंग सुटत नाहीत. डाग काळा किंवा करडाच राहतो.

दुसरी परीक्षा उन्हाची. छटांची पट्टी छापा, अर्धी जाड पुठ्ठ्याने झाका आणि दक्षिणेच्या खिडकीला आतून चिकटवून काही महिने विसरून जा. पुठ्ठा काढल्यावर दोन्ही अर्ध्या सारख्या दिसल्या तरच ती शाई लोकांच्या घरच्या फोटोंसाठी वापरा. गिऱ्हाईक आपल्याकडे आईवडिलांचा फोटो विश्वासाने देतं. वर्षभरात पिवळा पडणारा कागद त्याच्या हातात देणं मला तरी योग्य वाटत नाही.

फाउंटन पेनची किंवा ड्रॉइंगची काळी शाई चालेल का?

अजिबात नाही. ड्रॉइंगच्या शाईत लाख किंवा तसंच बांधणारं द्रव्य असतं. ते हेडच्या नोझलमध्ये एकदा वाळलं की पुन्हा निघत नाही. लेझर प्रिंटरची टोनर पावडर कालवून भरायचे सल्लेही फिरतात, तेही ऐकू नका. इंकजेट हेडसाठी बनवलेलीच शाई भरा.

शाई घरी पातळ करायची तर फक्त पाणी घालून चालतं?

नुसत्या पाण्याने शाईचा दाटपणा आणि पृष्ठताण बिघडतो; थेंब नीट सुटत नाही आणि हेड लवकर वाळतं. म्हणून डिस्टिल्ड पाण्यात ग्लिसरीन आणि फिल्म धुताना वापरतात तसं ओलेपणा आणणारं द्रव्य अगदी थोडं घालून आधी ‘बेस’ बनवतात आणि त्यात शाई मिसळतात. नळाचं किंवा बोअरचं पाणी कधीही नको, त्यातले क्षार नोझलमध्ये बसतात. पिगमेंट तळाशी बसतं, म्हणून टाकी किंवा काट्रिज भरण्याआधी बाटली हलक्या हाताने उलटसुलट करा. जोरात खदखदवली तर हवेचे बुडबुडे शाईबरोबर नळीत जातात.

प्रिंटला किंचित तपकिरी झाक दिसते. शाई खराब आहे का?

नाही, कार्बनचा तो स्वभाव आहे. पातळ थरात कार्बन निळा प्रकाश थोडा जास्त शोषतो, त्यामुळे फिकट छटा ऊबदार दिसतात. गडद भागात ही झाक जवळपास नसते. कागदावरही ती अवलंबून असते : एकाच शाईची प्रिंट एका मॅट कागदावर जवळपास तटस्थ आणि दुसऱ्यावर चॉकलेटी येऊ शकते.

ही झाक घालवायला कार्बनमध्ये थोडी निळसर पिगमेंट शाई मिसळतात. मिसळा, पण एक लक्षात ठेवा : निळं पिगमेंट कार्बनइतकं टिकाऊ नसतं, आणि ते फिकट होत गेलं की प्रिंट पुन्हा तपकिरीकडे सरकते. माझं मत विचाराल तर निखळ कार्बनची ऊब तशीच राहू द्या. सगळ्या प्रदर्शनात एकच टोन राहिला आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहिला, तर तटस्थतेचा हट्ट धरायचं कारण उरत नाही.

मॅट ब्लॅक आणि फोटो ब्लॅक यांत काय घ्यावं?

कागदाप्रमाणे. मॅट ब्लॅक मॅट आणि कॉटन कागदांसाठी. ग्लॉसी किंवा बरायटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या) कागदावर ती वर तरंगत राहते आणि बोटाला लागते. फोटो ब्लॅक चकचकीत कागदांसाठी. मॅटवर ती फिकी, करडी पडते.

कोणत्या कागदावर काळा सगळ्यात काळा येतो?

काळेपणा घनतेच्या आकड्यात मोजतात. चांगल्या मॅट कागदावर घनता १.६ ते १.७ मिळते, म्हणजे काळ्या भागातूनही सुमारे २ टक्के प्रकाश परत येतो. बरायटावर ती २.३ किंवा त्याहून जास्त जाते, म्हणजे परत येणारा प्रकाश अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. आकड्यांवरून बरायटा जिंकतो. पण त्याच्यावर खोलीतल्या दिव्याची चकाकी पडते, तिरक्या नजरेने पाहिलं की शाई असलेल्या आणि नसलेल्या जागांची चमक वेगळी दिसते, आणि त्यावर स्प्रे वार्निशचा हात द्यावा लागतो.

फक्त काळ्या शाईसाठी मला कॉटनचा मॅट कागद अधिक आवडतो. हानेम्युलेचा ३०८ जीएसएम फोटो रॅग हा या कामातला जणू मापदंड झालाय. महाग आहे, सराव साध्या मॅट कोटेड कागदावर करा आणि अंतिम प्रिंट त्याच्यावर काढा. कागद घेताना ‘ॲसिड-फ्री’ आहे का आणि त्यात ऑप्टिकल ब्राइटनर आहे का, हे विचारा. ब्राइटनरमुळे कागद सुरुवातीला निळसर-पांढराशुभ्र दिसतो, पण ते द्रव्य काही वर्षांत निकामी होतं. शाई तशीच राहते आणि खालचा कागद पिवळसर होतो. दोष मात्र शाईला दिला जातो.

हातकागदावर छापता येईल?

छापता येतं आणि सुंदर दिसतं, पण अपेक्षा बदलून. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी मिळणाऱ्या कागदावर इंकजेटचा लेप नसतो. शाई तंतूंत शिरते, कडा मऊ होतात आणि काळा गडद करडाच राहतो. देवळाच्या पायऱ्या, जुने वाडे, हात, सुरकुत्या अशा चित्रांना ते शोभतं. बारीक तपशिलाच्या फोटोला नाही. कागदाचे सुटे तंतू आधी मऊ ब्रशने झाडा, नाहीतर ते हेडला चिकटतात, आणि जाडी प्रिंटरच्या मर्यादेत आहे ना ते पाहा.

क्वाडटोन रिप काय आहे? ते लागतंच का?

रॉय हॅरिंग्टन यांनी बनवलेलं हे ५० डॉलरचं शेअरवेअर, म्हणजे आधी वापरून पाहून मग पैसे द्यायचं सॉफ्टवेअर आहे. ते एप्सनच्या ड्रायव्हरला बाजूला ठेवून प्रत्येक शाई किती आणि कुठे पडावी याचा ताबा तुमच्या हाती देतं. सगळ्या रंगीत शाया काढून काळ्या भरल्या असतील तर ते लागतंच, कारण मूळ ड्रायव्हरला अजूनही वाटत असतं की त्या टाकीत गुलाबी शाई आहे. मूळच्या शाया ठेवून फक्त काळी वापरायची असेल तरी त्याचा उपयोग होतो. आधी त्याच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का, ते तपासा.

त्यातलं मुख्य काम ‘लिनिअरायझेशन’चं. कोऱ्या कागदापासून पूर्ण काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापायची, पूर्ण वाळू द्यायची, प्रत्येक पायरीचा उजळपणा मोजायचा आणि ते आकडे प्रोग्रामला द्यायचे. मग तो शाईचं प्रमाण असं बदलतो की प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा सारख्याच अंतराने गडद होते. मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग आणि उजळपणा मोजणारं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर फ्लॅटबेड स्कॅनरने भागतं, फक्त त्याची आपोआप सुधारणा करणारी सगळी सेटिंग बंद हवीत.

ही पट्टी छापायचा कंटाळा करू नका. फक्त काळ्या शाईने छापलेला फोटो ‘गिचमिड’ वाटतो, तो नव्वद टक्के वेळा सावल्यांच्या पायऱ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात म्हणून. शाई दोषी नसते. कागद बदलला की पट्टी पुन्हा छापायची, शाईची नवी बाटली उघडली तरी पुन्हा.

फाइल कशी तयार करावी?

ग्रेस्केल, १६ बिट, गॅमा २.२. रेझोल्यूशन एप्सनसाठी ३६० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल), कॅननसाठी ३००. रंगीत फोटोचं कृष्णधवल रूपांतर स्वतः करा, प्रिंटरवर सोडू नका. लाल साडी आणि हिरवं शेत एकाच करड्यात मिसळू नये, हे तुमचा डोळाच ठरवू शकतो. स्क्रीनचा ब्राइटनेस बराच कमी करून काम करा. प्रिंट काळोखी येते अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचा स्क्रीन भगभगीत असतो.

जुना पिवळा पडलेला फोटो पुन्हा छापायचा आहे. स्कॅन रंगीत करावा की ब्लॅक अँड व्हाइट?

रंगीतच, ४८ बिटमध्ये. त्यानंतर लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनल एकेक करून पाहा. चहाचे, ओलीचे, चिकटपट्टीचे पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये ठसठशीत दिसतात आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. डागाळलेल्या फोटोसाठी लाल चॅनल घ्या. उलट, चेहराच उडून पिवळा झाला असेल तर त्या चेहऱ्याचा उरलासुरला तपशील निळ्या चॅनलमध्ये सापडतो. काही फोटोंत दोन्ही लागतात : पार्श्वभूमी लालमधून, चेहरा निळ्यातून. चेहरा गुळगुळीत करणारी आपोआप दुरुस्ती शक्यतो टाळा. नाकाचा वळसा, गालावरचा देवीचा व्रण, कपाळावरचं गोंदण यांवरूनच घरचे माणसाला ओळखतात.

हेड सारखं चोक होतं. काय करावं?

प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा. भिंतीवरच्या बोर्डाचा खटका आधी बंद केला की हेड झाकणावर जाऊन बसत नाही, उघडंच राहतं आणि रात्रीत वाळतं. आपल्याकडे हेड वाळण्याचं हे सगळ्यात मोठं कारण असावं. वीज वारंवार जात असेल तर छोटा यूपीएस जोडा.

दुसरं, आठवड्यातून एकदा तरी नोझल चेक आणि एखादी लहान प्रिंट काढा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की प्रिंटर प्लास्टिकच्या आच्छादनाखाली, शेजारी पाण्याची वाटी ठेवून झाकलेला बरा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उलटा त्रास : हेड ठीक राहतं, पण कागद ओल धरतो, वाकतो आणि हेडला घासतो. कागद सिलिका जेलच्या पाकिटांसह घट्ट पिशवीत ठेवा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा.

हेड क्लीनिंग एकामागून एक मारत बसू नका. दोनदा करून फरक नाही पडला तर काही तास थांबा, वाळलेली शाई भिजू द्या, मग पुन्हा एकदा. प्रत्येक क्लीनिंगची शाई आतल्या वेस्ट पॅडमध्ये (वाया शाई शोषणाऱ्या गादीत) जाते, आणि पॅड भरलं की प्रिंटर कामच थांबवतो.

सगळ्या काळ्या भरल्यावर तोच प्रिंटर पुन्हा रंगीत कामासाठी वापरता येईल?

तत्त्वतः हो, व्यवहारात नको. नळ्या आणि हेड पूर्ण धुवून निघेपर्यंत खूप शाई वाया जाते, आणि उरलेली काळी पिवळ्यात मिसळत राहते. एक जुना, चांगल्या हेडचा सहा शायांचा प्रिंटर फक्त काळ्यांसाठी ठेवणं शहाणपणाचं. मूळ काट्रिज सोडून वेगळी शाई वापरणार असाल तर कंपनीचं फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट घेण्याआधी चौकशी करा. काही अपडेटनंतर बाहेरच्या काट्रिजवरच्या चिप चालत नाहीत.

छापल्यावर लगेच फ्रेम करता येते का?

निदान २४ तास उघडी वाळू द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. शाईतलं ग्लायकॉल हळूहळू बाहेर पडत असतं. लगेच काचेखाली घातली तर काचेवर आतून धुरकट थर बसतो. प्रिंट आणि काच यांच्यात माउंटबोर्डची फट हवीच. मॅट प्रिंटच्या काळ्या भागावर नखाचा नुसता ओरखडा उठतो, म्हणून कडा धरून उचला, आणि एकावर एक ठेवताना मध्ये ॲसिड-फ्री बटर पेपर घाला. मागच्या बाजूला तारीख आणि फोटोतल्या माणसांची नावं मऊ पेन्सिलने लिहा, बॉलपेनने नाही. दाबून लिहिलेलं पुढच्या बाजूने उमटतं.